आधीं सुधारणा, मग निवडणूक?

देशांत यादवी पेटली असतां निवडणूक घेणें म्हणजे घराला आग लागली असतां लग्नाचा मुहूर्त काढणें होय, असें म्हणणारे शहाणे सर्व काळीं भेटतात. आधीं शांतता नांदूं द्या, आधीं घटना सुधारूं द्या, मग लोकांचा कौल घ्या, हा त्यांचा क्रम. ‘आधीं राजकीय कीं आधीं सामाजिक’ या वादांत वाढलेल्या महाराष्ट्राला ‘आधीं’ या शब्दाची जादू नवी नाहीं. ज्याला एखादी गोष्ट करावयाचीच नसते, त्याला तिच्या आधीं करावयाच्या दुसऱ्या दहा गोष्टी सहज सुचतात.

येमेनचा दाखला घ्या. ज्या एडनचा कारभार 1932 पर्यंत मुंबई इलाख्यांतून चाले, तें बंदर याच देशांत आहे. तेथील 301 सभासदांच्या प्रतिनिधिगृहाची निवडणूक एप्रिल 2003 मध्यें झाली. पुढची एप्रिल 2009 मध्यें व्हावयाची होती. उत्तरेस सादा प्रांतांत हूथी बंडखोरांशीं 2004 पासून लढाया होत होत्या. दक्षिणेंत असंतोष धुमसत होता. अशा वेळीं सत्ताधारी व विरोधी पक्षांनीं फेब्रुवारी 2009 मध्यें करार करून निवडणूक दोन वर्षें पुढें ढकलली. त्या अवधींत प्रमाणशीर प्रतिनिधित्वासारख्या सुधारणांचा निकाल लावावयाचा होता.

झालें काय? ऑगस्ट 2009 मध्यें सादा प्रांतांत सहावी लढाई जुंपली. वाटाघाटी रेंगाळल्या. डिसेंबर 2010 मध्यें सत्ताधारी पक्षानें बहुमताच्या जोरावर निवडणुकीचा कायदा एकट्यानेंच बदलला, आणि राष्ट्राध्यक्षाच्या कारकीर्दींवरील मर्यादा काढून टाकण्याचा प्रस्तावहि पाठोपाठ आला. 2011 चा एप्रिल उजाडला तेव्हां लोक मतपेटीकडे नव्हे, रस्त्यावर आले होते. पुढें 2014 मध्यें हूथींनीं राजधानी साना घेतली. मार्च 2015 मध्यें सौदी अरबस्थानच्या पुढाकारानें हवाई हल्ले सुरू झाले. 2003 नंतर त्या गृहाची सार्वत्रिक निवडणूक आजतागायत झालेली नाहीं. त्याचे सभासद मात्र दुभंगले. कांहीं सानामध्यें राहिले, कांहीं एप्रिल 2019 मध्यें सेयून येथें भरले, आणि दोघेहि लोकांच्याच नांवें बोलतात! त्या निवडणुकीच्या वर्षीं जन्मलेलें मूल आज मतदाराच्या वयाचें झालें आहे.

निवडणूक वेळेवर घेतली असती तर युद्ध टळलें असतें, असा आमचा दावा नाहीं. ब्रिटननेंहि 1935 सालीं निवडलेली पार्लमेंट दुसऱ्या महायुद्धांत 1945 पर्यंत चालविली. परंतु तेथें संमिश्र मंत्रिमंडळ होतें, मुदतवाढीसाठीं दर वर्षीं नवा कायदा करावा लागे, आणि जर्मनी शरण आल्यावर दोन महिन्यांच्या आंत मतदान झालें. चर्चिलसारख्या विजयी वीराचा पक्ष त्यांत हरला. येमेनमध्यें मुदत होती, पण ती चुकविणाऱ्याचें कांहींच बुडत नव्हतें. उलट जितका विलंब, तितकी खुर्ची पक्की.

हा मोह आपल्यालाहि झाला होता. आणीबाणींत 1971 च्या लोकसभेची मुदत दोनदां एकेक वर्षानें वाढविली गेली, आणि 42 व्या घटनादुरुस्तीनें लोकसभेच्या पांच वर्षांचीं सहा वर्षें केलीं. 1977 मध्यें लोकांनीं आपला निकाल दिला, तेव्हां कुठें 44 व्या दुरुस्तीनें तीं पुन्हां पांच झालीं. म्हणजे खरी सुधारणा झाली ती निवडणुकीनंतर आणि निवडणुकीमुळें.

निवडणूक लांबविणें कधीं अपरिहार्य होईल, हें आम्हांस मान्य आहे. पण विलंबानें ज्याचा लाभ होतो त्याच्या एकट्याच्या हातीं तारीख नसावी. मुदतवाढ एका वेळीं एका वर्षाहून अधिक नसावी. आणि त्या अवधींत सरकारनें घटनेला हात लावूं नये. मुदत संपल्यावरहि बसून राहणारा प्रतिनिधि हा भाडेपट्टा संपूनहि घर न सोडणारा भाडेकरू आहे. त्याच्याच हातून घराची दुरुस्ती होईल, अशी आशा घराच्या धन्यानें कां धरावी?