परदेशगमनाचा नवा बहिष्कार

समुद्र ओलांडणाऱ्यास आपल्या समाजाने एके काळी वाळीत टाकले, ही गोष्ट आज आपण हसण्यावारी नेतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायतेहून परतलेल्या गृहस्थास पंक्तीस घ्यावे की नाही, या प्रश्नावर सारस्वतांच्या घराघरांत वाद पेटले, मठांपर्यंत तक्रारी गेल्या, प्रायश्चित्ताची मागणी झाली आणि सोयरिकी मोडल्या. तो काळ गेला, याचे आम्हांस समाधान आहे. परंतु बहिष्कार गेला काय? देवळाच्या त्याच सभामंडपात आज परदेशी शिकावयास निघालेल्या मुलास शाल-श्रीफळ मिळते, वेशीवर त्याच्या छायाचित्राचा फलक लागतो. त्याच्याच वर्गातील, त्याच्याइतकेच गुण मिळविलेला दुसरा मुलगा व्हिसा नाकारला गेल्यामुळे घरी परतला, तर त्याचे नाव कोणी काढीत नाही. तो आरतीला येईनासा होतो. पूर्वी जाणारा बहिष्कृत होता. आता जाऊ न शकलेला बहिष्कृत आहे, एवढाच काय तो फरक पडला.

खटकचिंचोळीसारखी गावे डोळ्यांपुढे ठेवून आम्ही हे लिहीत आहोत. भालकी तालुक्यातील हे होबळीचे गाव. येथे अनेक घरांत बोलणे मराठी, कचेरीचा कारभार कन्नड आणि आजोबांच्या पेटीतले कागद निजामी अमदानीतले, म्हणून उर्दू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर म्हैसूर राज्यात गेले. तरी शिक्षणाचे, दवाखान्याचे, मोठ्या खरेदीचे शहर म्हणून येथील माणसाला आजही हैदराबादच आठवते. अमेरिकेचा वाणिज्य दूतावासही तेथेच, २००८ पासून. तूर, उडीद, सोयाबीन पिकविणाऱ्या घरातला मुलगा पदवीधर होतो, परदेशच्या विद्यापीठाचे प्रवेशपत्र मिळवितो आणि खिडकीपुढे दोन-तीन मिनिटे उभा राहून नकाराची चिठ्ठी घेऊन बाहेर पडतो. येथवरचा भाग दुर्दैवाचा म्हणता येईल. त्यानंतर जे घडते ते मात्र सर्वस्वी आपल्या हातचे आहे.

घरातील वडीलधारी मंडळी ठरवितात, कोणाला सांगावयाचे नाही. शेजाऱ्यांना सांगितले जाते की प्रवेश पुढच्या सत्राचा आहे. मामांना सांगितले जाते की कागद यावयाचे आहेत. गाणगापूरला नवस बोलायचा, तर तोही दुसऱ्याच कारणाचा म्हणून. आणि ज्या गोष्टीविषयी घरात कोणाशी बोलता येत नाही, ती बोलावयास उरतो एकच मनुष्य, तो म्हणजे दलाल. या दलालांचा धंदा मुख्यतः आपल्या लाजेवर चालतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. लपविण्यासारखे काही नसते, तर मुलाने नकाराचे पत्र दहा जाणत्यांना दाखविले असते आणि निम्म्या शंका फुकट सुटल्या असत्या.

मुळात लाज कशाची? २०२३-२४ या वर्षात अमेरिकेकडे जगभरातून विद्यार्थी-व्हिसाचे सुमारे ६ लाख ७९ हजार अर्ज आले, त्यांपैकी सुमारे २ लाख ७९ हजार नाकारले गेले; म्हणजे शंभरातले एकेचाळीस. कॅनडाने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांचे शंभरातले सुमारे चौऱ्याहत्तर अर्ज परत पाठविले. दोनच वर्षांपूर्वी, त्याच महिन्यात, हे प्रमाण बत्तीसच्या आसपास होते. दोन वर्षांत आपली मुले मूर्ख झाली, असे कोणी म्हणेल काय? पलीकडच्या देशाचे धोरण बदलले, एवढाच त्याचा अर्थ. पाऊस पडला नाही म्हणून शेतकऱ्याच्या शीलाविषयी आपण शंका घेत नाही; मग येथेच ती का घ्यावी?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण आपल्या लोकांच्या कल्पना फार चमत्कारिक आहेत. अमेरिकेचा १९५२ चा इमिग्रेशनविषयक कायदा आहे. त्याच्या कलम २१४ (बी) अन्वये अर्जदार कायमचा राहावयासच येत आहे, असे अधिकाऱ्याने गृहीत धरावयाचे असते. तसे नाही, हे दाखविण्याचा भार अर्जदारावर असतो. मायदेशी आपले घर आहे आणि ते सोडण्याचा आपला हेतू नाही, हे त्याने पटवून द्यावयाचे. या नकारावर अपील नाही. मात्र दुसरा अर्ज करण्यास मुदतीचे बंधनही नाही. अर्जाचे शुल्क तेवढे नव्याने भरावे लागते. सेव्हिसचे साडेतीनशे डॉलर मात्र पहिल्या नकारापासून बारा महिन्यांच्या आत त्याच प्रकारचा अर्ज केल्यास पुन्हा द्यावे लागत नाहीत. दलालाने तेही पुन्हा मागितले, तर वाचकांनी काय समजावयाचे ते समजावे.

घर सोडण्याचा हेतू नाही, हे सिद्ध करावयाचे आणि नकार आल्यावर आपण काय करतो? जमीन विकतो! पहिल्या वेळी बँकेत शिल्लक कमी दिसली, असा तर्क करून दोन एकर काढून टाकतो आणि आलेली रक्कम घाईघाईने खात्यात भरतो. ज्या मुळांच्या बळावर मुलगा परत येईल असे सांगावयाचे होते, त्यांवरच कुऱ्हाड. शिवाय ही रक्कम आली कोठून, असा प्रश्न विचारला की मुलगा गोंधळतो, कारण त्यालाही पुरते सांगितलेले नसते.

शेतकरी घरांची एक खरी अडचण आहे, ती आम्ही नाकारीत नाही. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. म्हणून विवरणपत्रे नाहीत. विक्रीचा बराच पैसा अडत्याकडून रोख येतो. शेतजमीन तारण ठेवून शिक्षणासाठी कर्ज मागावे तर बँका कुरकुरतात, कारण थकलेल्या कर्जासाठी तारण परस्पर ताब्यात घेण्याचा २००२ च्या सरफेसी कायद्याचा अधिकार शेतजमिनीला लागू नाही. पहाणीपत्रक आजोबांच्या नावे, तेही कन्नडात. त्यात नावांचा घोळ. कन्नड कागदावर जो ‘बिरादार’ तोच मराठी दाखल्यावर ‘बिराजदार’. पासपोर्टावर आडनावाचा रकाना रिकामा, म्हणून अमेरिकेच्या कागदावर नावाच्या जागी एफ.एन.यू. ही तीन अक्षरे. बापलेकांची नावे जुळत नसतील, तर खर्चाची हमी देणारा बाप हा खरोखर बापच आहे, हे परक्या अधिकाऱ्याला कसे कळावे? या गोष्टी दुरुस्त करता येतात. वारस-नोंद करता येते, प्रतिज्ञापत्र करता येते, कन्नड उताऱ्याचे प्रमाणित भाषांतर मिळते, अडत्याच्या पट्ट्या तारीखवार लावून शेतीचे उत्पन्न बँकेतून फिरविता येते. पण त्यांना दोन-चार महिने लागतात, तलाठ्याकडे खेपा घालाव्या लागतात आणि मुख्य म्हणजे अडचण उघड बोलावी लागते. ते नको म्हणून लोक पंधरा दिवसांत तोच अर्ज, तेच कागद, तेच पाठ केलेले उत्तर घेऊन पुन्हा उभे राहतात. असा अर्ज दुसरा कसला? पहिल्याचीच ती नक्कल.

याहून भयंकर प्रकार म्हणजे नकारच अर्जात लपविणे. अमेरिकेच्या डीएस-१६० या अर्जात पूर्वी व्हिसा नाकारला गेला होता काय, असा सरळ प्रश्न आहे. कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया येथेही तो विचारला जातो, आणि दुसऱ्या देशाने दिलेल्या नकाराविषयीही. घरात सहा महिने ‘नाही, नाही’ म्हणण्याची सवय झालेला मुलगा तेथेही ‘नाही’ लिहितो. दलाल मान डोलावतो. नकार ही क्षुल्लक गोष्ट होती. खोटे उत्तर तशी नाही. कॅनडात खोट्या निवेदनाची शिक्षा पाच वर्षांची बंदी, ब्रिटनमध्ये फसवणुकीबद्दल दहा वर्षांची. अमेरिकेत तर विशेष माफी मिळाली नाही, तर जन्मभराची. २०२३ साली कॅनडात पंजाबमधील कित्येक विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रे बनावट निघाली. ती देणाऱ्या जालंधरच्या दलालास पुढील वर्षी तेथील न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली, हे खरे. पण आयुष्याची घडी विस्कटली ती त्या मुलांची.

येथे देवाधर्माचा विषय येतो, आणि आमच्या वाचकांपुढे तो टाळणे बरे नव्हे. हैदराबादेजवळ उस्मानसागराच्या काठी चिलकूरचा बालाजी आहे. लोक त्याला कौतुकाने ‘व्हिसा बालाजी’ म्हणतात. इच्छा धरताना अकरा प्रदक्षिणा आणि ती पुरी झाल्यावर एकशे आठ, असा तेथला परिपाठ. त्या देवळात दानपेटी नाही, ही गोष्ट आम्हांस फार भावते. प्रदक्षिणेची थट्टा करणाऱ्यांत आम्ही नाही; भेदरलेल्या मुलाचे चित्त त्या अकरा फेऱ्यांनी स्थिर होत असेल, तर तेवढेही पुष्कळ झाले. आमचा आक्षेप वेगळा आहे. बालाजीपुढे हात जोडून ‘देवा, एकदा नकार आला आहे, आता सांभाळ’ असे खरे सांगावयाचे आणि त्याच सायंकाळी दलालाच्या टेबलाशी बसून अर्जात ‘नकार आलेला नाही’ असे लिहावयाचे, हे कोणत्या धर्मात बसते? जामीन म्हणून खोट्या लेखी कोणी सोयरासुद्धा उभा राहत नाही. देवाला मात्र आपण ते खुशाल सांगतो.

काही गृहस्थ म्हणतील, तुम्हांला बोलावयास काय जाते? घरात लग्नाची मुलगी आहे, भावाचा नकार गावभर झाला तर स्थळे परत जातील. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. तशी माणसे आहेत. पण नकार उघडकीस यावयाचा तो येतोच, फार तर वर्षाने, आणि तोवर कर्ज वाढलेले असते. दुसरे कोणी म्हणतील, मुलांनी जावेच कशाला? ३७१ (जे) कलमान्वये आमच्या भागासाठी जागा राखीव आहेत, त्या काय थोड्या आहेत? ज्याला त्या पुरतात त्याने अवश्य येथेच शिकावे. तो वाद निराळा. ज्याने जावयाचे ठरविले आहे, त्याला अर्ध्या वाटेत एकटे टाकावे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आणि नकार उघड करण्याचे फळ काय असते, याचे उदाहरण आपल्या मराठी मुलुखातच आहे. व्हिसाची कटकट तेव्हा नव्हती, पण दार ठोठावणे होतेच. १८७८ साली गोपाळराव जोशी यांनी कोल्हापुराहून वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिले, की पत्नीस शिकविण्यासाठी अमेरिकेत काही सोय होईल काय. उत्तर आले ते ख्रिस्ती धर्माच्या वाटेचा उपदेश करणारे; त्यांच्या दृष्टीने तो नकारच होता. हा पत्रव्यवहार वाइल्डरने आपल्या नियतकालिकात छापला, आणि तो छापला गेला म्हणूनच न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या दृष्टीस पडला. पुढे आनंदीबाईंना आश्रय मिळाला तो त्याच घरी. त्यांनी स्वतः काय केले? जाण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, श्रीरामपूरच्या महाविद्यालयात सर्वांसमक्ष उभे राहून आपण अमेरिकेस का जात आहोत हे सांगितले. हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परतेन, हेही लपविले नाही. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

डॉ. आंबेडकरांचे उदाहरण दुसऱ्या अर्थाने बोधप्रद आहे. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. पण चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची परवानगी त्यांनी मिळवून ठेवली. मग सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी करून पैसा साठविला, शाहू महाराजांचे साह्य घेतले, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज काढले आणि १९२० च्या जुलैत ते पुन्हा निघाले. कशामुळे अडले हे त्यांना नेमके ठाऊक होते. त्यांनी तेवढेच दुरुस्त केले, आणि त्यासाठी मदत मागण्यात कमीपणा मानला नाही.

म्हणून देवस्थान-समित्यांस आमचे सांगणे आहे. सत्कार करावयाचे ते करा. पण त्याच सभामंडपात, सत्राचे अर्ज सुरू होण्यापूर्वी चार-पाच महिने, एक संध्याकाळ नकार आलेल्या मुलांसाठी ठेवा. गावातील निवृत्त बँक-अधिकारी, कन्नड-इंग्रजी दोन्ही जाणणारा शिक्षक आणि तालुक्याचा एखादा वकील, एवढी तीन माणसे पुरे. मुलाने नकाराचे पत्र घेऊन यावे. कॅनडाचे असेल तर अधिकाऱ्याची टिपणे माहितीच्या कायद्याखाली मागवावीत. ब्रिटनचे असेल तर आधी खात्याचा उतारा पाहावा, कारण तेथे ठरलेली रक्कम सलग अठ्ठावीस दिवस खात्यात असावी लागते आणि एक दिवस कमी भरला तरी अर्ज पडतो. शिवाय निर्णयात चूक झाली असेल तर फेरतपासणी मागण्याची मुदतही अठ्ठावीसच दिवसांची आहे. अमेरिकेची चिठ्ठी छापील असते, तिच्यातून फारसे कळत नाही. तेव्हा मुलास काय विचारले आणि तो काय बोलला, हे त्याच्याकडून शब्दशः लिहून घ्यावे. हाच अभ्यासक्रम का, एवढे पैसे कोठून, परत येऊन काय करणार, याची उत्तरे त्याच्या स्वतःच्या शब्दांत येतात की दलालाच्या, ते ऐकावे. पहिल्या अर्जानंतर खरोखर काही बदलले नसेल, तर वर्षभर थांब, असे त्याला सांगण्याचे धैर्यही त्या तिघांना असावे. त्या संध्याकाळी प्रसाद नेहमीचाच असावा, आणि मुलाच्या आईवडिलांना पुढच्या रांगेत बसवावे.