विश्वासू कोणाचा?

मित्रांनो, आधी माझाच गुन्हा सांगतो.

आमच्या धर्माबादेत वस्तीतल्या पोरांचा मोबाईलवर ग्रुप आहे. कर्ज कोण देतं, कोण भरवशाचा, याची यादी त्यात मीच केली. ज्यानं मला दिलं त्याला एक नंबरला टाकलं. अर्ध्या तासात पैसे खात्यात, अन् लगेच मोबाईलनं विचारलं, किती तारे देता? मी पाच ठोकले. पहिला हप्ता अजून भरायचाच होता!

शेजारची मावशी मिरचीच्या गोदामात देठं खुडते. हाताची आग रात्रभर जात नाही. पोरीच्या कॉलेजसाठी तिनं माझ्या एक नंबरवाल्याकडं दहा हजार मागितले. हातात आले नऊ. हजार आधीच कापले. एक हप्ता चुकला तर वसुलीवाल्यानं थेट तिच्या मुकादमाला फोन लावला. चारचौघांत तिची अब्रू काढली. मावशी मला एवढंच म्हणली, "बाबा, तू शिकलेला. तू लिवलंस म्हणून घेतले."

ते वाक्य माझ्या मानगुटीवर बसलंय.

माझ्या यादीत खोटं काहीच नव्हतं. पण मतं दिली कोणी? ज्यांना कर्ज मिळालं त्यांनी. ज्यांना दारातूनच हाकललं त्यांना मत नाही. जे हप्त्याखाली पिचले ते लाजेनं गप्प. आमच्यातल्या दोघांनी अर्जात पत्ता लिहिला, वस्तीचं नाव बाबासाहेबांचं. अर्ज नामंजूर. कारण? मशीन कारण सांगत नाही. पत्त्यामुळंच झालं हे मला सिद्ध करता येत नाही. पण आपल्याकडं वस्तीचं नाव सांगितलं की जात वेगळी सांगावी लागत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं?

हा खेळ जुनाच आहे. गावात सावकार भला की बुरा हे वाड्यावरच्या बैठकीत ठरायचं, अन् तिथं आपल्याला बसायला जागा नव्हती. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या अन् रोखे जाळले. आज वही जाळायची तर ती आहे कुठं? ती कुठल्या मशीनीत आहे हेच ठाऊक नाही.

रिझर्व्ह बँकेनं ८ मे २०२५ ला निर्देश काढले. अनेक कर्जदात्यांचे देकार दाखवणाऱ्यानं जुळणारे सगळे देकार दाखवावेत, वर्षाचा एकूण खर्च, हप्ता अन् दंड लिहावा, एकालाच पुढं रेटू नये. क्रम लावायचाच तर कशावरून लावला ते उघड सांगावं. १ नोव्हेंबर २०२५ पासून हे लागू झालं. चांगलं झालं. पण तिथं रुपये मोजले जातात. मुकादमाला गेलेला फोन कुठल्या रकान्यात मांडायचा?

अन् आपलं काय? लिंक पाठवली की कमिशन मिळतं म्हणून आपलीच पोरं ग्रुपात "एकदम भरवशाचं" लिहितात. बचत गटात अध्यक्षीणबाईच्या जावेला कर्ज आधी, विधवेला शेवटी. शोषणाविरुद्ध घोषणा द्यायच्या अन् शोषकाची दलाली करायची, हे चालणार नाही.

कोणी म्हणेल, बुडवे लोक रागानं चांगल्याला बदनाम करतील. खरं आहे. म्हणून नुसते तारे नकोत. काय घडलं, कोणत्या तारखेला, कागद आहे का, ते लिहा. कर्जदात्यालाही उत्तर देऊ द्या. न्याय मागणाऱ्यानं न्यायानंच वागलं पाहिजे.

मी जुनी यादी पुसली. नवीत चार रकाने आहेत : हातात किती आले अन् परत किती गेले, किती जणांना नाकारलं, वसुली कशी केली, परवाना आहे की नाही. २०१४ च्या सावकारी अधिनियमानं सावकारालाही परवाना लागतो, हे आपल्या किती जणांना माहीत आहे? कमिशन खाणाऱ्याला मत नाही. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत तारे नाहीत. नाकारलेल्याला मात्र पहिल्या दिवसापासून मत.

पहिली नोंद मावशीची. तिनं सांगितली, मी लिहिली. खाली तिचा अंगठा नाही. तिनं सही केली, मिरचीनं सोललेल्या बोटांनी.

ते आपली पत रोज मोजतात. लेकहो, आता त्यांची पत आपण मोजू. जयभीम!