कवडीचे मोल आणि आंग्रिया बँक

मिरजगावच्या बाजारात कांद्याचे भाव कोसळले, की शेतकरी ‘माल कवडीमोल गेला’ असे म्हणून घरची वाट धरतो. समुद्रापासून इतक्या दूरच्या अवर्षणप्रवण मुलखात हा शब्द रूढ व्हावा, हे अर्थशास्त्राच्या अध्यापकाला नेहमीच विचारात पाडते. कवडी म्हणजे एका मृदुकाय सागरी प्राण्याचे कवच. चलनी कवड्या मुख्यतः मालदीवच्या प्रवाळबेटांवरून बंगालमध्ये येत. अठराव्या शतकात सिल्हेटचा शेतसारा कवड्यांतच भरला जाई. रुपयाला सुमारे ५ हजार कवड्या पडत. बंगालच्या किनाऱ्यावर त्या विपुल सापडत नसत, म्हणूनच त्यांना मोल होते. पुढे १८४५ पासून जर्मन व्यापाऱ्यांनी झांझिबारकडील दुसऱ्या जातीच्या कवड्या जहाजे भरभरून पश्चिम आफ्रिकेत नेल्या आणि तेथील कवडीचलन घसरत गेले. कोणता प्राणी कोणत्या खडकावर राहतो, हा प्रश्न केवळ प्राणिशास्त्राचा नाही तो असा.

आपल्याकडे हा प्रश्न आंग्रिया बँकेच्या निमित्ताने उभा आहे. ही बँक पतपेढी नव्हे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा, विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवरील समुद्रतळाचा तो उंचवटा आहे. त्याचा माथाही सुमारे २० मीटर पाण्याखाली आहे. कोकणच्या नद्या पावसाळ्यात गाळ ओततात. किनाऱ्यालगतच्या वाळूचिखलात तिसऱ्या आणि खडकांवर कालवे तग धरतात. प्रवाळांना मात्र नितळ पाणी लागते, आणि ते इतक्या दूरवर मिळते. शंखशिंपल्यांच्या अनेक जातींची पिल्ले प्रवाहाबरोबर तरंगत जातात व योग्य तळ मिळाला तरच वाढतात. कच्छचे आखात आणि लक्षद्वीप यांच्या दरम्यान असा टप्पा असणे म्हणूनच मोलाचे.

परंतु राज्याचा मासेमारी कायदा १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतच चालतो. त्यापलीकडे अधिकार केंद्राचा. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली आंग्रिया बँकेला संरक्षण मिळावे, या प्रस्तावास राज्य वन्यजीव मंडळाने २०२० मध्ये मान्यता दिली, हे योग्यच झाले. मात्र तळ खरवडणारी ट्रॉल जाळी कागदाने थांबत नाहीत. गस्तीच्या नौका हव्यात, शंखशिंपल्यांची जातवार व खोलीवार मोजदाद हवी. हद्द केंद्राची असल्याने हा खर्च केंद्रानेच उचलला पाहिजे. आणि संरक्षित क्षेत्राची रेषा आखताना देवगड-मालवणच्या मच्छीमारांना आधी विचारावे. त्यांची जी मासेमारी बंद होईल, तिची भरपाई त्याच अंदाजपत्रकात धरावी.