विषाला ‘औषध’ म्हणणं थांबवूया



“कपाशीला औषध मारलं का?” हा प्रश्न गावात रोज कानावर पडतो. फवारणीच्या विषाला आपण सरसकट ‘औषध’ म्हणतो. पण लहान मुलाला औषध म्हणजे बरं करणारी वस्तू एवढंच माहीत असतं. म्हणून विज्ञानाचा निदान एक तास विषाच्या लेबलसाठी द्यायलाच हवा, असं माझं मत आहे.

मोनोक्रोटोफॉसचं उदाहरण घ्या. हे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक. आपल्या चेतापेशी ॲसिटिलकोलिन या रसायनाद्वारे स्नायूंना आणि ग्रंथींना संदेश देतात. काम झालं की एक विकर, म्हणजेच एन्झाइम, ते रसायन लगेच तोडतं आणि संदेश थांबतो. हे विष नेमकं त्या विकरालाच चिकटतं. शाळेच्या घंटेचं बटण अडकून घंटा वाजतच राहावी, तसं शरीरात होतं. लाळ, घाम, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायूंची थरथर आणि शेवटी श्वास बंद. सरीन हा युद्धातला विषारी वायूही याच पद्धतीने मारतो.

जुलै 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं मध्यान्ह भोजन खाऊन 23 मुलं दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं. 2017 मध्ये आपल्या यवतमाळात फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले. विष पोटात जावंच लागतं असं नाही. ते कातडीतून आणि श्वासातूनही शिरतं.

काही पालक म्हणतात, “पोरांना विषाबद्दल कशाला सांगायचं?” अहो, विष घरात आहेच! ते ओळखायला शिकवायचं नाही का?

कीटकनाशकाच्या डब्यावर शंकरपाळ्याच्या आकाराची खूण असते. तिचा खालचा अर्धा भाग लाल असेल तर ते अत्यंत विषारी, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, फक्त कमी विषारी. हे सातवीतलं मूलही पाच मिनिटांत शिकतं.

सोबत चार गोष्टी पक्क्या करून घ्या. विष कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतायचं नाही. रिकामा डबा तेला-धान्यासाठी वापरायचा नाही. अंगावर सांडलं तर कपडे काढून साबण-पाण्याने धुवायचं. कुणाला बाधा झाली तर घरच्या घरी उलटी काढत न बसता 108 ला फोन करायचा आणि दवाखान्यात लेबल न्यायचं. कोणतं विष ते कळलं तर डॉक्टरांना ॲट्रोपिनसारखा उतारा लवकर सुरू करता येतो.

या तासासाठी मुलांना डबे मात्र आणायला सांगू नका. पालकांनी काढलेला लेबलचा फोटो पुरे. आणि त्या दिवसापासून वर्गात, घरात, शेतावर त्याला ‘औषध’ नाही, ‘विष’च म्हणा.