मान खाली, बढती लांब

'मान खाली घालून काम करावं, काम आपोआप बोलतं.' नोकरीला लागणाऱ्या पोराला घरातली वडीलधारी माणसं हा उपदेश करतात आणि प्रशिक्षण शिबिरांतले वक्ते त्याला कैलास लेण्याचा दाखला जोडतात: एवढं अचाट काम केलं, पण कारागिरानं कुठं नाव कोरलं नाही! वेरूळ छत्रपती संभाजीनगरपासून तीसेक किलोमीटरवर, त्यामुळे आमच्या भागात हा दाखला जरा जास्तच स्वस्त झाला आहे. मला तो मुळातच चुकीचा वाटतो.

कैलासाबरोबर नाव राहिलं ते राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाचं. सन 812च्या सुमाराच्या बडोदा ताम्रपटात असं वर्णन आहे की हे मंदिर पाहून खुद्द ते घडवणाराच थक्क झाला, आपल्या हातून हे झालंच कसं म्हणून. कौतुक भरपूर, नाव मात्र नाही. ज्याला नोकरीत वर जायचं आहे त्याच्यापुढे हे उदाहरण आदर्श म्हणून ठेवायचं की इशारा म्हणून?

वेरूळचाच दाखला हवा असेल तर 'कथाकल्पतरू' या जुन्या मराठी ग्रंथातली कोकसाची कथा घ्या. ती दंतकथाच आहे, पण शहाणी आहे. राजा आजारातून बरा झाला तर शिवालय बांधीन आणि कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही, असा राणीनं नवस केला. राजा बरा झाला. आता पायापासून कळसापर्यंत बांधत जायचं तर राणी उपाशी मरणार; कारागिरांनी हात टेकले. पैठणचा कोकस म्हणाला, आठवड्यात कळस दाखवतो. त्यानं डोंगर वरून खोदायला घेतला. कोकस काही इतरांपेक्षा जास्त तास राबला नाही. मालकाची अडचण नेमकी कुठं आहे ते त्यानं ओळखलं आणि छिन्नी उचलण्याआधी तोंड उघडलं. मान खाली घालून बसणारा कारागीर पाया खणत राहिला असता.

'काम आपोआप बोलतं' याचं उत्तर तर 11 क्रमांकाच्या लेण्यात आहे. त्याला दोन ताल म्हणतात, कारण त्याचा एक मजला मातीखाली गाडलेला होता. 1876 साली माती निघाली आणि तिसरा मजला उजेडात आला. नाव मात्र आजही दोन तालच! एकदा चिकटलेला शेरा कसा सुटत नाही, हे सरकारी नोकराला वेगळं सांगायला नको. सीमा रस्ते संघटनेतले अभियंता देव दत्त यांच्या गोपनीय अहवालात एका वर्षी 'चांगला' असा शेरा पडला. वरच्या पदासाठी 'अतिशय चांगला' लागत होता. बढती हुकली, आणि शेरा तर त्यांना कळवलाच नव्हता. 2008 साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की वाईटच नव्हे, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे. त्यानंतर 2009मध्ये केंद्रानं पूर्ण अहवाल दाखवण्याचा आदेश काढला. हा हक्क आयता मिळालेला नाही, कोणीतरी न्यायालयापर्यंत भांडलं म्हणून मिळाला. आणि आपण काय करतो? स्वयंमूल्यमापनाच्या रकान्यात गेल्या वर्षीचंच वाक्य उतरवतो: 'नेमून दिलेली सर्व कामे वेळेत पूर्ण केली.' प्रकरणं किती तुंबली होती, किती निकाली काढली, उरलेली कशापायी अडली, हे तीन ओळींत लिहायला शाई लागते तेवढीच. त्याला 'स्वतःची टिमकी वाजवणं' म्हणणारे लोक पुढे शेरा वाचून कपाळाला हात लावतात.

आता दुसरा पंथ. 'कामाला कोण विचारतो? साहेबांच्या पुढेपुढे करा, त्यांची गाडी निघेपर्यंत खुर्ची सोडू नका.' हांजी हांजी करून बढत्या मिळतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण साहेबाची बदली झाली की तीच जवळीक नव्या साहेबाच्या डोळ्यांत खुपते. खुर्ची गरम ठेवण्याची सवय तर त्याहून वाईट. ज्या बाईला सहाला निघून घरी स्वयंपाकाला उभं राहायचं आहे ती निष्ठेत कमी, आणि आठपर्यंत मोबाइल चाळणारा कर्तबगार, असा हिशेब लावणारं कार्यालय स्वतःचंच नुकसान करून घेतं.

माझा खरा राग मात्र तिसऱ्या सवयीवर आहे, कारण तिला सगळे सद्गुण समजतात. 'माझ्याशिवाय टेबल हलत नाही' हे अभिमानानं सांगणारा माणूस. कुठली फाईल कुठल्या कपाटात आहे ते फक्त त्याला ठाऊक, यंत्र कुठं अडतं ते फक्त त्याच्या डोक्यात, पाळी बदलताना नोंदवहीत लिहितो 'सर्व ठीक'. वाळूजच्या कारखान्यात असो की तहसिलात, असा माणूस रजेवर गेला की सगळे त्याचं नाव काढतात, आणि बढतीची वेळ आली की साहेब म्हणतात, याला इथून हलवून कसं चालेल? ज्या खुर्चीत त्यानं स्वतःला खिळवून घेतलं, तिथंच तो निवृत्त होतो. याउलट कैलास पाहा. वरून खाली खोदलेल्या त्या लेण्यात चुकून फोडलेला दगड परत बसवता येत नाही. तरीही ते काम अनेकांच्या हातून गेलं. लंकेश्वरासारखे भाग नंतरचे मानले जातात. मागच्यानं पुढच्याला काही सांगितलंच नसतं, तर हे जमलं असतं का?

वेरूळच्या शेजारी खुलताबादला मलिक अंबर विसावला आहे. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी निजामशाहीचा सूत्रधार झाला, म्हणून तोही 'गुणांना बढती'च्या भाषणांत येतो. पण त्याला विकत घेणारा मालक वारल्यावर तो निजामशाहीत वाट पाहत बसला नाही. विजापूरकरांकडे गेला, स्वतःची माणसं जमवली आणि परत आला.  वरचा रस्ता बंद असेल तर दुसरीकडं अर्ज करणं ही बेइमानी नव्हे, एवढं त्याच्याकडून घ्यावं.

जिथं निव्वळ सेवाज्येष्ठतेवर यादी लागते तिथं या सवयींनी फार फरक पडत नाही, हे कबूल. पण बाकी ठिकाणी अहवालाच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा अशी माझी आग्रहाची शिफारस आहे: 'आपल्या गैरहजेरीत हे काम कोण करू शकतो आणि त्याला ते आपण कधी शिकवलं?' ज्यांचा रकाना कोरा राहील त्यांची बढती एक वर्ष थांबवा. सुरुवात साहेबांच्या अहवालापासून करा.