धुराचे भक्त

जगात भक्तांचे पुष्कळ प्रकार आहेत. पण धुराचे भक्त हा प्रकार मला साठी उलटल्यावर कळला. देवाचा भक्त निदान देवळात तरी जातो. धुराचा भक्त धुरापासून चांगला पंचवीस फुटांवर खुर्ची टाकून बसतो आणि तिथून धुराची आरती करतो.

आमचे एक स्नेही या पंथातले. रस्त्यावर ‘चुलीवरचं मटण’ अशी पाटी दिसली, की त्यांची गाडी आपोआप वळते. पहिला घास तोंडात गेला, की ते डोळे मिटून म्हणतात, “अहाहा! याला म्हणतात चव! गॅसवर कुठली यायला?” हॉटेलाच्या मागच्या बाजूला ही चव तयार करणारी बाई डोळ्याला पदर लावून बसलेली असते. पण स्नेह्यांचे डोळे मिटलेले असल्यामुळे ती त्यांना दिसत नाही.

हे भांडण मी आज उकरून काढलंय, त्याचं कारण घडलं टेक्सासमध्ये. आम्ही उभयता मुलाकडे गेलो होतो. परसात एक काळी पेटी उभी होती. खाली चाकं, वर झाकण, शेजारी धुराडं. मला वाटलं, रेल्वेचं एखादं जुनं इंजिन चिरंजीवांना सेलमध्ये मिळालं असावं.

“बाबा, हा पेलेट स्मोकर. यात लाकडाच्या धुरावर स्वयंपाक होतो.”

“म्हणजे चूल!”

“चूलच. फक्त हिचा प्लग लावावा लागतो.”

प्लग लावायची चूल! मी पोटभर हसून घेतलं. तेवढ्यात आमची ही शांतपणे म्हणाली, “हसताय काय? तुम्ही जन्मात कधी चूल पेटवलीत?”

हा प्रश्न अप्रस्तुत आहे असं मी म्हणालो. तो अजिबात अप्रस्तुत नव्हता, हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

मग मी ते यंत्र नीट पाहिलं. लाकडाचा भुसा प्रचंड दाबाखाली दाबून त्याच्या खडूच्या तुकड्यांसारख्या कांड्या करतात. खळ नाही, डिंक नाही. लाकडातलं लिग्निन उष्णतेनं मऊ होतं आणि तेच भुशाला धरून ठेवतं. या कांड्या म्हणजे पेलेट. १९७०च्या दशकात तेल महागलं, तेव्हा अमेरिकेत तेलाऐवजी जळण म्हणून त्या वापरात आल्या. पुढे ओरेगन राज्यातल्या माउंट एंजल या गावच्या जो ट्रेगर नावाच्या गृहस्थांनी १९८५ साली त्यांच्यावर चालणारी स्वयंपाकाची पेटी बनवली आणि १९८६ साली तिचं पेटंट घेतलं. पेटंटाची मुदत संपल्यावर बाकीचे कारखानदारही या पंक्तीला येऊन बसले.

पेटीच्या कुशीत कांड्यांचा हौद असतो. त्याच्या तळाशी एक मळसूत्र फिरतं आणि कांड्या एका छोट्या कुंडात ढकलतं. तिथे एक सळई तापून लाल होते आणि कांड्या पेटतात. पंखा वारा घालतो. एक यंत्र तापमानावर डोळा ठेवून मळसूत्राला ‘चल’ आणि ‘थांब’ असे हुकूम सोडत असतं. थोडक्यात, समिधा घालणारा वेगळा, फुंकणारा वेगळा आणि लक्ष ठेवणारा वेगळा.

आमच्या कोकणातल्या घरात ही तिन्ही खाती एकट्या आईकडे होती.

पावसाळ्यात लाकडं ओली. ती पेटायच्या आधी तासभर नुसती धुमसायची. आई फुंकणी घेऊन वाकायची, फुंकायची, खोकायची, डोळे पुसायची आणि पुन्हा फुंकायची. एवढं करून दूध धुरकट लागलं, तर वडील पेला एक शब्द न बोलता पुढे सरकवत. तीच धुरकट चव आता ‘स्मोक्ड’ या नावानं मेनूकार्डावर छापतात आणि तिचे वेगळे पैसे लावतात. आईनं ती आम्हांला कित्येक वर्षं फुकट दिली, आणि वर बोलणी खाल्ली.

उतारवयात तिचा खोकला काही केल्या हटेना. डॉक्टरांनी तपासून विचारलं, “आजी, विड्या ओढत होतात का?” आई जी उखडली! पण डॉक्टरांचं चुकलं नव्हतं. विडी न ओढता विडीवाल्याची फुफ्फुसं तिला मिळाली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या धुरापायी जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. त्यांतल्या किती जणींनी ‘अहाहा’ म्हटलं असेल?

मुलाचा टेक्सासी शेजारी हा स्नेह्यांचाच भाऊ निघाला. त्याच्याकडे लोखंडी पिंप, बाजूला भट्टी आणि ओकच्या ओंडक्यांची रास. गाईच्या छातीचं मांस आदल्या रात्री चढवून हा गडी पहाटेपर्यंत जागतो. आमच्या पेटीकडे पाहून तो म्हणाला, “ही तर लबाडी झाली! विस्तवापाशी माणूस बसलाच पाहिजे.”

बसावा की! पण तो बसतो उघड्यावर, आरामखुर्चीत, हातात गार बिअर घेऊन, महिन्यातून एका शनिवारी. कंटाळा आला तर पुढच्या शनिवारी बसत नाही. हौस आणि सक्ती यांत फरक म्हणाल तर एवढाच, की हौसेला रजा मिळते. आईला रजा नव्हती.

आता खरं ते सांगितलं पाहिजे. शेजारी एका बाबतीत बरोबर होता. पेलेटची आग स्वच्छ जळते, म्हणून तिचा धूर सौम्य. तो जास्त हवा असेल तर आच मंद ठेवावी लागते. आम्ही पहिल्या दिवशी भरताचं वांगं २२५ अंश फॅरनहाइटवर ठेवलं. दोन तासांनी ते शिजलं, धुरावलं, पण साल करपेल तर शपथ! ही पेटी धुरी देणारी; विस्तवाचा चटका हे तिचं काम नव्हे. शेवटी ते वांगं घरातल्या गॅसवर भाजून घेतलं. कोंबडी मात्र झकास झाली. आधी मंद धुरावर, मग साल चामड्यासारखी राहू नये म्हणून ३५० अंशांवर, आणि आतलं मांस १६५ अंशांना पोचलं की बाहेर. हे चिरंजीवांना ऑफिसात बसल्या बसल्या फोनवर कळत होतं. आमच्या काळी ऑफिसात फक्त सासुरवाडीचे फोन येत. आता कोंबडीचेही येतात.

कांड्यांच्या पिशवीवर नाव होतं मेस्कीट. चौकशी करता कळलं, ही आपल्या विलायती बाभळीची चुलत बहीण. आपल्या माळरानांवर जिला वेडी बाभूळ म्हणून शिव्या बसतात, तिची बहीण तिकडे पिशवीत बसून भाव खाते. तिलाही बहुधा धुराचे भक्त भेटले असावेत.

कुणाला ही पेटी घ्यायचीच असेल, तर हौदाच्या आकारावर आणि चकचकीत रंगावर भाळू नका. आच किती स्थिर राहते, झाकण किती जाड आहे आणि कुंडातली राख काढणं किती सोपं आहे, ते पाहा. राख साचली की पेटी पेटत नाही. कांड्या स्वयंपाकासाठी केलेल्याच घ्या. घर तापवायच्या नकोत. पिशवी कोरडी ठेवा, नाहीतर कांड्यांचा पुन्हा भुसा होतो आणि तो मळसूत्रात अडकून बसतो. आणि पेटी उघड्यावरच ठेवा, घरात नाही. विषारी वायू प्लग पाहून थांबत नाही. ज्यांना परसच नाही, त्यांनी आमटीत वाटी ठेवावी, वाटीत निखारा, निखाऱ्यावर थेंबभर तूप, आणि वर पाच मिनिटं झाकण. तेवढ्या धुरानं कुणाचे डोळे जात नाहीत.

आमच्या घरी गॅस आला त्या दिवशीची गोष्ट. आईनं काडी लावली, निळी ज्योत उठली, आणि आईनं सवयीनं वाकून जोरात फुंकर मारली. गॅस विझला. वडिलांनी धावत जाऊन बटण बंद केलं. आम्ही सगळे खो खो हसलो. आई हसली नाही. ती त्या शेगडीकडे बघत म्हणाली, “म्हणजे फुंकायचंच नाही?”

परवा हे सगळं मी स्नेह्यांना ऐकवलं. ते म्हणाले, “ते ठीक आहे हो, पण चुलीची चव ती चुलीची चव!” मी वाद घातला नाही. एवढंच म्हणालो, “श्रावणात चार दिवस आमच्या गावी या. चूल अजून आहे, लाकडं ओली मिळतील, आणि फुंकणी माळ्यावर जपून ठेवलीय.”

त्यांना श्रावणात सवड नाही.