२५ किलोमीटरच्या नियमाने रांग हटणार नाही

गणपतीच्या आदल्या दोन रात्री मुंबई-गोवा महामार्गावर काय होते, हे कोकणातल्या माणसाला सांगावे लागत नाही. पळस्पे फाट्यापासून वडखळ, कोलाड, माणगावपर्यंत गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. या जुन्या कोंडीत आता चार्जरसमोरच्या नव्या रांगेची भर पडते आहे. जोडून सुट्ट्या आल्या की मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही तेच दिसते, आणि विजेच्या मोटारी ज्या वेगाने विकल्या जात आहेत तो पाहता ही रांग दर सणाला वाढणार. एखाद्या हॉटेलच्या मागच्या अंगाला, जनरेटरशेजारी पत्र्याच्या शेडखाली एक यंत्र उभे असते. त्यावर ६० किलोवॅट असे ठळक लिहिलेले असते आणि दोन बाजूंना दोन गन टांगलेल्या असतात. एकच गाडी लागलेली असेल तर तिला पूर्ण साठ मिळतात. दुसरी लागली, की अनेक यंत्रांत दोघींच्या वाट्याला तीस-तीस येतात. ४५ युनिटची बॅटरी २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर न्यायला २७ युनिट लागतात. म्हणजे अर्ध्या तासाचे काम तासावर जाते. त्यात एखाद्याने शंभर टक्के भरूनच निघायचे ठरवले तर विचारायलाच नको, कारण ऐंशीनंतर बॅटरी जपण्यासाठी गाडी स्वतःच विजेचा ओघ कमी करत नेते. मागे तीन गाड्या उभ्या असतील, तर शेवटच्या कुटुंबाने मुलांना घेऊन दोन तास तिथेच बसायचे.

यावर सरकारचे उत्तर एका अंतरात सामावले आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक चार्जिंग स्टेशन असावे, असे ठरवले. सप्टेंबर २०२४ च्या सुधारित सूचनांनी २०३० पर्यंत हे अंतर २० किलोमीटरवर आणायचे म्हटले. राज्याच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणातही २५ किलोमीटरचेच उद्दिष्ट आहे. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतील १०,९०० कोटींपैकी २,००० कोटी रुपये चार्जिंगसाठी ठेवलेले आहेत. हेतू चांगला आहे, पैसाही आहे. विजेची गाडी घेणाऱ्याला पहिली धास्ती ‘वाटेत बंद पडलो तर’ हीच होती आणि ती घालवायला अंतराचा नियम उपयोगी पडला, हे मान्य केलेच पाहिजे. पण आता अडचण बदलली आहे. चार्जर सापडत नाही म्हणून माणूस अडकत नाही. सापडलेल्या चार्जरवर आधीच गाड्या लागलेल्या असतात म्हणून अडकतो. या दुसऱ्या अडचणीवर किलोमीटरचे माप लागू पडत नाही. धोरणाने इथून पुढे एका जागी किती गन आहेत, त्या सगळ्या एकाच वेळी किती किलोवॅट देतात आणि त्यातल्या चालू किती, हे मोजायला हवे.

यामागे साधे गणित आहे आणि ते शंभर वर्षांपूर्वीचे आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर एर्लांग या गणितज्ञाने १९०९ पासून एक प्रश्न सोडवायला घेतला होता: फोन केव्हाही येऊ शकतात, मग एक्स्चेंजमध्ये किती लाइनी ठेवल्या तर लोकांना ताटकळावे लागणार नाही? त्याचीच सूत्रे चार्जरला लावून पाहू. समजा एखाद्या पट्ट्यात ताशी १२ गाड्या चार्जिंगला येतात, प्रत्येकीला सरासरी अर्धा तास लागतो आणि एकूण ८ गन आहेत. या ८ गन चार ठिकाणी दोन-दोन अशा विखुरल्या आणि गाड्याही सारख्या वाटल्या गेल्या, तर प्रत्येकाला सरासरी ३९ मिनिटे थांबावे लागते. त्याच ८ गन एका ठिकाणी ठेवल्या तर थांबण्याचा वेळ पाच-सहा मिनिटांवर येतो. गाड्या तेवढ्याच, यंत्रे तेवढीच, वीजही तेवढीच. फरक एवढाच, की मोठ्या ठिकाणी कोणती ना कोणती गन सुटत राहते आणि पुढचा माणूस लगेच लागतो; विखुरलेल्या ठिकाणी मात्र इथे रांग असताना दहा किलोमीटर पुढे गन रिकामी पडलेली असू शकते. आता यातली एक गन बिघडली असे धरू. आठच्या ठिकाणी सात उरल्या तर थांबणे १८ मिनिटांपर्यंत वाढते. त्रास होतो, पण निभते. दोनच्या ठिकाणी एक उरली तर ताशी तीन गाड्या येणार आणि ती दोनच भरणार. मग रांग संपतच नाही, तासागणिक वाढत जाते. दर २५ किलोमीटरला एक छोटे स्टेशन उभारून नकाशा भरून काढण्यात नेमकी हीच जोखीम आहे. नकाशावर ठिपके दाट दिसतात, पण प्रत्येक ठिपका एका बिघाडाने कोलमडू शकतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते आणि तिची चर्चा फार कमी होते. चार्जिंगची गरज महामार्गावर सारखी पसरलेली नसते, ती ठरावीक पट्ट्यात गोळा होते. मुंबई-ठाण्याहून निघणारा माणूस घरून शंभर टक्के भरून निघतो. ४५ युनिटच्या गाडीची, पाच माणसे, सामान आणि एसी धरून, खरी रेंज ३०० किलोमीटरच्या आसपास मानू. २० टक्क्यांखाली जायला सहसा कोणी धजावत नाही. म्हणजे साधारण २४० किलोमीटर झाले की तो चार्जर शोधू लागतो, आणि हे २४० किलोमीटर खेड-चिपळूणच्या परिसरात संपतात. एका रात्री निघालेल्या शेकडो गाड्या पेणला किंवा कोलाडला थांबणार नाहीत. त्या कशेडी ओलांडून एकाच पट्ट्यात, एकाच पहाटे चार्जरवर येणार. परतीचे चित्र वेगळे. गावी घरासमोर चार्जर नाही, पंधरा अँपियरच्या सॉकेटचाही भरवसा नाही, त्यामुळे सावंतवाडी-कुडाळकडची गाडी निघतानाच अर्धी भरलेली असते आणि तिला कणकवली-राजापूरलाच थांबावे लागते. समृद्धी महामार्गावर पट्टा आणखी वेगळा पडेल, कारण ताशी १२० च्या वेगाने हवेचा रोध वाढून रेंज झपाट्याने घटते आणि ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर थांबण्याच्या जागाही मोजक्याच आहेत. तेव्हा पेणला दोन, महाडला दोन आणि चिपळूणलाही दोनच गन देणारा नियम सर्वांना सारखी वागणूक देतो खरा. पण जिथे दहा हव्यात तिथे तो दोनच देतो.

हे संकट पुढे कसे दिसेल याचा अंदाज बांधत बसायची गरज नाही, इतरांनी ते आधीच भोगले आहे. चीनमध्ये २०२१ च्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत हुनान प्रांतातल्या एका महामार्ग थांब्यावर चारच चार्जर होते. तिथे एका गाडीवाल्याला चार तास थांबावे लागले आणि आठ तासांचा प्रवास सोळा तासांचा झाला, या बातमीने तो देश हादरला. त्यानंतर तिथे महामार्गांवरची यंत्रे मोठ्या प्रमाणात वाढली आणि सुट्ट्यांच्या दिवसांत ट्रकवर बसवलेले फिरते चार्जरही थांब्यांवर आणले जाऊ लागले. युरोपीय संघाचा नियम तर आपल्या प्रश्नाला थेट उत्तर देतो. मुख्य महामार्गांवर दर ६० किलोमीटरला, म्हणजे आपल्यापेक्षा दुपटीहून जास्त अंतराने, स्टेशन असले तरी चालेल. पण त्या एका ठिकाणी २०२५ अखेरपर्यंत किमान ४०० किलोवॅट आणि २०२७ अखेरपर्यंत ६०० किलोवॅट क्षमता हवी. अमेरिकेने २०२१ च्या कायद्यातून चार्जिंगला निधी देताना प्रत्येक ठिकाणी किमान चार गन, चारही एकाच वेळी १५० किलोवॅट देणाऱ्या, आणि वर्षातला ९७ टक्क्यांहून अधिक काळ चालू, अशी अट घातली होती. ब्रिटनने तर जलद चार्जरच्या जाळ्यांवर ९९ टक्के चालू राहण्याचे कायदेशीर बंधन टाकले आणि कोणता चार्जर मोकळा, कोणता बंद, ही माहिती सर्वांना खुली ठेवायला लावली. तिन्हींनी अंतरापाशी न थांबता क्षमता आणि भरवसा मोजला. आपल्याकडे आजही एका प्रवासासाठी चार-पाच ॲप ठेवावी लागतात, प्रत्येकाच्या वॉलेटमध्ये थोडे थोडे पैसे अडकतात आणि ॲपवर हिरवा दिसणारा चार्जर प्रत्यक्षात बंद निघतो. तोवर गाडी १५ टक्क्यांवर आलेली असते.

यावर पहिला आक्षेप येईल तो पैशाचा. वर्षातल्या वीस-पंचवीस दिवसांच्या गर्दीसाठी आठ-दहा गनचे केंद्र उभारायचे आणि उरलेले दिवस ते रिकामे ठेवायचे, हे कोणत्या गुंतवणूकदाराला परवडेल? आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. ८ गन प्रत्येकी ६० किलोवॅटच्या म्हटल्या तरी ४८० किलोवॅटचा भार होतो. त्याला उच्चदाब जोडणी आणि स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर लागतो. तरी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. गर्दीसाठी जादा व्यवस्था करणे आपल्याला नवीन नाही; एसटी गणपतीला जादा गाड्या सोडते, कोकण रेल्वेवर विशेष गाड्या धावतात. वर्षभर पुरेल एवढी कायमची यंत्रे आणि सणाला फिरत्या चार्जरची जोड, अशी विभागणी चार्जिंगमध्येही करता येते. शिवाय आज सरकारी मदत ज्या मापाने मोजली जाते, ते माप बदलायला नवा पैसा लागत नाही. दोन गनच्या चार स्टेशनांना मिळणारा पैसा आठ गनच्या एका केंद्राला दिला, तर वर सांगितलेल्या हिशेबाने रांग सातपटीने कमी होते. एक जोडणी, एक जागा, एक माणूस देखरेखीला. तो माणूस असणे महत्त्वाचे आहे. अडकलेली गन सोडवणारा, भरून झालेली गाडी बाजूला घ्यायला सांगणारा आणि चार्जिंगच्या जागेत उभी केलेली पेट्रोलची गाडी हलवणारा एक माणूस अर्धी भांडणे मिटवतो. दोन गनच्या स्टेशनाला त्याचा पगार परवडत नाही.

दुसरा आक्षेप असा, की बॅटऱ्या मोठ्या होत आहेत, प्रश्न आपोआप सुटेल. ५९ आणि ७९ युनिटच्या बॅटरीच्या भारतीय गाड्या नोव्हेंबर २०२४ मध्येच बाजारात दाखल झाल्या. यातली ७९ युनिटची गाडी एका दमात राजापूर गाठेल आणि त्यामुळे वाटेतली गर्दी थोडी विरळ होईल, हे मान्य. पण ही मोठी बॅटरी कुठेतरी भरावीच लागणार, आणि ३० किलोवॅटच्या गनवर ती भरायला ४५ युनिटच्या बॅटरीच्या जवळपास पावणेदोनपट वेळ जागा अडते. खरा दिलासा मिळेल तो मुक्कामाच्या ठिकाणी. मालवण, गणपतीपुळे, दापोलीच्या लॉजवर आणि घरगुती निवासांत ७ किलोवॅटचे साधे चार्जर बसवले, तर गाडी रात्रभरात भरते आणि परतीची रांग निम्म्याने हलकी होऊ शकते. पर्यटन विभागाने निवास योजनांना मदत देताना ही अट घालायला काहीच हरकत नाही. महामार्गावरच्या दरांचेही तसेच. केंद्राच्या २०२४ च्या सूचनांनी सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर तासांत चार्जिंग स्टेशनला स्वस्त वीज द्यायला सांगितले आहे; तो फायदा ग्राहकाच्या बिलात उतरला, तर पहाटेची काही गर्दी दुपारकडे सरकेल. आणि भरून झाल्यावर गन अडवून ठेवणाऱ्यावर मिनिटाला आकार लावण्याची पद्धत परदेशात २०१६ पासून रुळलेली आहे. ती इथे सगळीकडे सक्तीची करावी.

तिसरा प्रश्न न्यायाचा आहे. जिथे एसटीच्या गाड्या अपुऱ्या पडतात, तिथे मोटारवाल्यांच्या सोयीसाठी सार्वजनिक पैसा का? पण हा पैसा आधीच खर्च होतो आहे. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतू, द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर विजेच्या मोटारींना दिलेली टोलमाफी हा सोडलेला महसूलच आहे. ज्याला माफी देऊन रस्त्यावर आणले, त्याला खालापूर किंवा तळेगावजवळ तासभर थांबवणे म्हणजे दिलेले परत घेणे. दुसरे, रांगेत फक्त सहलीचे कुटुंब नसते. कर्ज काढून विजेची टॅक्सी घेतलेला चालक तिथेच उभा असतो, आणि त्याच्यासाठी तो तास म्हणजे बुडालेली फेरी आहे. पेट्रोलचा खर्च वाचेल या हिशेबावर त्याने गाडी घेतली. तो हिशेब या रांगेत बिघडला, तर त्याचा भाऊबंद पुढची गाडी डिझेलचीच घेईल.

कोकणात आणखी एक काळजी घ्यावी लागेल. २०२० चे निसर्ग आणि २०२१ चे तौक्ते या वादळांनी विजेचे खांब किती दिवस आडवे पाडून ठेवले, हे रायगड-रत्नागिरीने पाहिले आहे. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली. तिथे मोठे केंद्र उभारायचे तर पूररेषेच्या वर, चौथऱ्यावर आणि साठवणीच्या बॅटरीसह उभारावे लागेल. यानेही खर्च वाढेल, पण वीज गेल्यावर ज्या पट्ट्यात सर्वाधिक गाड्या अडकणार, तो पट्टा हाच आहे.

दरवर्षी गणपतीआधी महामार्गाच्या तयारीची बैठक होते. खड्डे, क्रेन, रुग्णवाहिका, पोलीस चौक्या, टोलमाफीचे पास यांचा आढावा घेतला जातो. यंदा त्या यादीत चार्जिंग यावे: खेड ते संगमेश्वर आणि राजापूर ते कणकवली या दोन पट्ट्यांतला प्रत्येक चार्जर बैठकीआधी गाडी लावून तपासलेला असावा, बंद यंत्रे दुरुस्त करण्याची तारीख ती चालवणाऱ्यांकडून लेखी घ्यावी, आणि दोन्ही पट्ट्यांत चतुर्थीआधीच्या तीन रात्री व गौरी विसर्जनानंतरचे तीन दिवस फिरते चार्जर कुठे उभे राहतील, हे वाहतूक पोलिसांच्या नकाशावर आधीच छापून यावे.